घरच्या वैऱ्यासाठी परके आरमार

देशद्रोह हा शब्द उच्चारावयास सोपा. त्याचा उगम शोधणे मात्र अवघड. फ्रेंच आरमारातील अधिकारी पॉल शाक (१८७६–१९४५) हा पहिल्या महायुद्धात लढला. पुढे सागरी युद्धांवरील त्याचे ग्रंथ घरोघर वाचले गेले. तोच गृहस्थ जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर साम्यवाद्यांच्या द्वेषापोटी जेत्यांचा प्रचारक बनला, आणि ९ जानेवारी १९४५ रोजी त्यास गोळ्या घालण्यात आल्या. घरातल्या वैऱ्याच्या धास्तीने दारातल्या वैऱ्याचा हात धरावा, हे त्याच्या अधःपाताचे मूळ होय.

आपल्या इतिहासात हीच गोष्ट एका व्यक्तीच्या नव्हे, प्रत्यक्ष राज्याच्या हातून घडली. कान्होजी आंग्रे यांच्या पश्चात त्यांच्या पुत्रांत भाऊबंदकी माजली. १७३५ मध्ये बाजीरावांनी मानाजीस कुलाबा व संभाजीस विजयदुर्ग अशी वाटणी करून दिली. परंतु संभाजीमागून आलेला तुळाजी पेशव्यांची आज्ञा मानीना. पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. खोटा होता तो उपाय. १७५५ मध्ये त्यांचे कोकणातील अधिकारी रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, आणि बंदरातील आंग्र्यांची गलबते जळून खाक झाली. तुळाजीचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. किल्ल्यातील द्रव्य इंग्रजांनी आपसांत वाटून घेतले, आणि किल्ला मराठ्यांच्या हाती आला तो त्याच वर्षाच्या ऑक्टोबरातील तहानंतर. त्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे राहिले.

मराठ्यांचे आरमार येथेच संपले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आनंदराव धुळपांनी पुढे विजयदुर्गाहून ते नेटाने चालविले. तथापि घरचा तंटा परक्याच्या तोफांनी मिटविण्याचा पायंडा पडला, तो पडलाच. नाशिक–एकलहऱ्याकडील वाचकांस समुद्र दूर वाटेल, पण त्या पायंड्याचे एक टोक त्यांच्या अंगणात येते. नाशिकजवळच्या आनंदवल्लीस ज्यांनी वाडा बांधून वास्तव्य केले, त्या रघुनाथरावांनीच १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह करून साष्टी व वसई देऊ केली. त्यांस आपण दोष देतो, आणि तो योग्यच आहे. परंतु जी वाट राज्यकर्त्यांनी स्वतः वीस वर्षांपूर्वी मळली, तीच पुढे पदच्युताने धरली, हे सांगितल्यावाचून तो न्याय पुरा होत नाही. द्रोह्यास शासन करता येते. पायंड्यास करता येत नाही.