बहिणीच्या घराचा दर

परक्या घराला दरमहा १०५ डॉलर, बहिणीच्या घराला सुमारे ६३: अमेरिकेतील इलिनॉय राज्याचा हा हिशोब थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

१९६९ मध्ये राज्याने चार भावंडांना आईपासून दूर करून परक्या प्रतिपालकांकडे सोपवले. १९७२ मध्ये त्यांपैकी दोन मुले थोरल्या, विवाहित बहिणीकडे आली. तिचे घर शासकीय निकषांत बसत होते. तरीही ती नातलग, म्हणून प्रतिपालनाचा दर नाकारून गरीब कुटुंबांचा सर्वसाधारण भत्ता तेवढा देण्यात आला. त्यात उरलेल्या दोघांचा सांभाळ होणे शक्य नव्हते. ती परक्यांकडेच राहिली, आणि त्यांच्यासाठी राज्य पूर्ण दर मोजत राहिले! काटकसरीचा हा अजब प्रकार.

२२ फेब्रुवारी १९७९ रोजी ‘मिलर विरुद्ध युआकिम’ खटल्यात न्यायालयाने हा भेद केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरवला. निकालपत्र थरगुड मार्शल यांचे. शालेय वर्णभेदाविरुद्धचा ‘ब्राउन’ खटला वकील म्हणून जिंकणारे तेच.

विजय मात्र अपुरा होता. केंद्राच्या मदतीस पात्र मुलांपुरताच तो लागू झाला. इतर मुले सांभाळणाऱ्या आजी-मावश्यांना अनेक राज्ये कमीच देत राहिली. मूल ताब्यात घेतल्यावर ३० दिवसांत नातलगांना कळवण्याचे बंधन केंद्रीय कायद्यात यायला तर २००८ साल उजाडले.