हापशाचं व्हर्जन २

मागच्या दिवाळीत मित्राच्या गावी, पिंपळगाव रेणुकाईला (ता. भोकरदन, जि. जालना) गेलो होतो. तिथे हापसा दिसला आणि लहानपणीसारखा दांड्याला लोंबकळलो. पाणी काही आलं नाही, नुसता खडखडाट! परत आल्यावर सहज त्याचा इतिहास शोधला, तर धागा थेट जालन्यालाच पोचला.

१९६० च्या दशकातल्या दुष्काळांनंतर काळ्या पाषाणात बोअर घ्यायची यंत्रं महाराष्ट्रात आली. पण वर बसवलेले पंप बिडाचे, परदेशात एका कुटुंबासाठी बनवलेले. इथे त्यावर अख्खं गाव! १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहिलं, तर सुमारे पाऊण हिस्सा पंप बंद.

तोवर जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाणी प्रकल्पाने उपाय काढला होता: बिडाऐवजी पोलाद, आणि अनेक सांध्यांऐवजी एकाच कण्यावर फिरणारा दांडा. हा 'जालना पंप'. नगर जिल्ह्यातल्या वडाळा मिशनचा हात लागून पुढची आवृत्ती आली, 'जलवाड'. जालना अधिक वडाळा! मग सोलापूरच्या कारागिरांनी साखळी लावून 'सोलापूर पंप' केला. त्यावरूनच युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रूडास कंपनीने 'इंडिया मार्क २' घडवला. १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानक आलं. पेटंट नाही, कुणीही बनवा. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे सुमारे ५० लाख पंप.

आम्ही ओपन सोर्सच्या गप्पा मारतो, पण इथे विचार करा. प्रत्येक संस्थेचे देणगीदार वेगळे, अहवाल वेगळे. प्रत्येकीने आपलाच पंप धरून ठेवला असता, तर प्रत्येक गावाला वेगळा वायसर शोधत फिरावं लागलं असतं. सहकार्य म्हणजे नुसत्या बैठका आणि सतरंज्या नव्हेत. दुसऱ्याचं काम आपल्यापेक्षा बरं आहे हे कबूल करून त्यावर पुढचा नट बसवणं, हे खरं अवघड.

मग तो हापसा कोरडा का? मार्क २ साधारण ५० मीटरपर्यंतचं पाणी ओढतो. मराठवाड्यात आता बोअर त्याच्या कितीतरी खाली जातात, आणि शेजाऱ्यापेक्षा खोल जायची शर्यत प्रत्येक जण एकटाच धावतो. पंप सगळ्यांनी मिळून सुधारला, खालचं पाणी मात्र कुणीच वाटून घेतलं नाही. त्याचं व्हर्जन २ अजून यायचंय.

असो. तुमच्या गावचा हापसा चालू आहे का?