वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या शेतात



अलीकडे आपल्या अंधेरी-बोरिवलीच्या, मुलुंड-घाटकोपरच्या घरांतून एक नवी गोष्ट कानावर येते. मुलगा किंवा मुलगी शिक्षण आणि नोकरीच्या मधल्या सुटीत परदेशी 'व्हॉलंटियरिंग'ला निघते. कुणी कॅरिबियन बेटांची नावं घेतं, कुणी मध्य अमेरिकेची. दोन-तीन आठवडे एखाद्या शाळेच्या भिंती रंगवायच्या, कासवांची अंडी राखायची, उरलेला वेळ समुद्र. आणि गंमत अशी की सेवा करण्यासाठी फी भरायची! यात वाईट काही आहे असं आम्ही म्हणत नाही. तरुणाने जग पाहावंच. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे 'सेवा' हा शब्द इतक्या सहज वापरला की थोडं थांबावंसं वाटतं. परक्या देशात जाऊन केलेलं काम सेवा केव्हा ठरतं? याचा विचार इतिहासातल्या एका माणसाच्या आधाराने करू.

आधी त्या मुलखाशी आपला जुना संबंध काय, तो पाहू. कॅरिबियन प्रदेशात भारतीय माणूस प्रथम गेला तो सेवेसाठी नव्हे, उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केल्यावर मळेवाल्यांना हात हवे होते. १८३८ साली भारतीय मजुरांची पहिली जहाजं ब्रिटिश गयानाला लागली, १८४५ साली त्रिनिदादला. ही जहाजं मुख्यतः कलकत्त्याहून आणि मद्रासहून सुटत. म्हणून तिथे भोजपुरी, तमिळ माणूस सापडतो, मराठी विरळा. आपल्या कोकणातली माणसं गेली ती मॉरिशसला. या गिरमिट पद्धतीवर बंदी घाला, असा ठराव गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२च्या मार्चमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. तो फेटाळला गेला, पण १९१७ साली भरती थांबवणं सरकारला भाग पडलं. म्हणजे आपली मुलं आज जिथे हौसेने जातात, त्या वाटेचा आरंभ असा आहे, हे ठाऊक असलेलं बरं.

आता आपला माणूस. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. टिळकांच्या विचाराने भारावलेला हा तरुण या शतकाच्या, म्हणजे गेल्या शतकाच्या (आमच्या तोंडी अजून विसावंच बसलंय!) पहिल्या दशकात घर सोडून निघाला, जपानमार्गे अमेरिकेला पोचला. डोक्यात सशस्त्र क्रांती होती, पण शिकला शेती. ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत. हा योगायोग नव्हे. विदर्भातल्या दुष्काळाच्या काळात वाढलेल्या मुलाला भूक आणि गुलामी या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नसाव्यात, असं आमचं अनुमान आहे.

पुढे गदर चळवळीच्या पहिल्या फळीत ते होते. महायुद्धात इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. मग बर्लिन, १९२१ साली मॉस्को. हा सगळा भाग एखाद्या कादंबरीसारखा आहे आणि लोक तोच रंगवून सांगतात. आम्हाला मात्र त्यानंतरचं जास्त मोलाचं वाटतं. १९२४ साली हा माणूस मेक्सिकोत पोचला. का? सेवेच्या ओढीने नव्हे. मायदेशात परतलं तर तुरुंग, युरोपात पाय ठरत नाही. कॅलिफोर्नियातल्या दिवसांत मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळखी झालेल्या. म्हणजे, सरळ भाषेत, आश्रय हवा होता.

चापिंगो हे गाव मेक्सिको शहराजवळ. अक्षांश साडेएकोणीस, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या जरासा वर. पण उंची सुमारे सव्वादोन हजार मीटर, महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त. तेव्हा हवा आपली नाही बरं का. तिथे एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतंच आलं होतं. जमिनीचं शोषण शिकवू, माणसाचं नव्हे, अशा अर्थाचं त्याचं बोधवाक्य. १९१०ची क्रांती होऊन गेलेली, १९१७च्या राज्यघटनेने जमीनवाटपाचा रस्ता उघडलेला. शेतकऱ्याच्या हाती जमीन येत होती. पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबलेल्या माणसाला स्वतःच्या शेताचे निर्णय घेण्याची सवय कुठून असणार? बियाणं कुठलं, खत किती, माती कशी ओळखायची?

खानखोजे विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्यावर आणि त्याचा रानटी नातलग तेओसिंते याच्यावर त्यांनी संकराचे प्रयोग केले, गव्हावरही काम केलं. पण आम्हाला सांगायच्यात त्या त्यांच्या मुक्त शेतीशाळा. आसपासच्या खेड्यांत, शेतकऱ्यांच्या संघटनांच्या मदतीने, शेतकऱ्यांसाठी उभ्या केलेल्या. एका शाळेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झापाता याचं नाव होतं. या कामाची छायाचित्रं तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईंनी टिपली आहेत. चित्रकार दिएगो रिव्हेरा मित्रच होता. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत त्याचं एक भित्तिचित्र आहे. जेवणाचं टेबल, भोवती गरीब माणसं, आणि मध्यभागी भाकरी मोडून वाटणारा एक सावळा पुरुष. तो चेहरा खानखोज्यांचा. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर यजमानाच्या जागी बसलाय!

या चित्रापाशी आम्ही नेहमी अडकतो. कांटने १७९५ सालच्या 'शाश्वत शांती'वरच्या निबंधात एक बारीक भेद केलाय. परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्याला शत्रू समजलं जाऊ नये, हा त्याचा हक्क. पण पाहुणा म्हणून घरात राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही, त्यासाठी यजमानाने वेगळा करार करावा लागतो. कांटच्या मनात तेव्हा युरोपियनांची अरेरावी होती. भेट द्यायला म्हणून जायचं आणि मालक होऊन बसायचं. खानखोज्यांचा प्रवास बरोबर उलटा. आश्रयाला आले, स्पॅनिश भाषेत शिकवलं, तिथल्या मातीतल्या मक्याचा अभ्यास केला, तिथल्या शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नावर काम केलं. प्रश्न यजमानाचा, उत्तर शोधायला मदत पाहुण्याची. भिंत रंगवायला जाणाऱ्या आमच्या नातवंडांना आम्ही एवढंच विचारू, की भिंत रंगवायची हे कुणी ठरवलं? गावाने, की फी घेणाऱ्याने?

कुणी म्हणेल, मग डॉ. कोटणीस? सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आपल्या परळच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झाले आणि १९३८ साली काँग्रेसच्या पाच डॉक्टरांच्या पथकातून खरोखर स्वयंसेवक म्हणून चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे फारसं कुणी सांगत नाही. कोटणीस तिथेच राहिले आणि १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ते घरोघरी पोचले. खानखोज्यांना शांतारामबापू मिळाले नाहीत, एवढाच फरक नव्हे. कोटणीसांच्या मागे देश उभा होता. खानखोज्यांना देश पाठवत नव्हता, उलट परत येऊ देत नव्हता. आणि आमच्या मते यामुळे त्यांचं काम कमी प्रतीचं ठरत नाही. आधी निर्मळ हेतू, मग काम, असा क्रम आपण धरतो. इथे काम करता करता हेतू घडत गेला.

दुःख आहे ते पुढे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. पण ब्रिटिशांच्या काळ्या यादीतलं नाव काही पुसलं गेलं नव्हतं, आणि ज्या स्वातंत्र्यासाठी घर सोडलं त्याच स्वतंत्र देशात येण्याच्या परवान्यासाठी खानखोज्यांना अडथळे सोसावे लागले. अखेर १९५०च्या दशकात बेल्जियन पत्नी आणि दोन मुलींसह ते नागपुरात स्थिरावले. पन्नासएक वर्षांपूर्वी निघालेला तरुण आता सत्तरीचा होता. त्यांच्या कन्या सावित्री सॉनी यांनी लिहिलेलं चरित्र जरूर वाचा. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला, अनावरणाला आपल्या लोकसभेचे सभापती गेले होते.

२२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे नागपुरात वारले. आदल्याच वर्षी, १९६६ साली, भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं जहाजांनी आणलं होतं. त्या बियाण्याचा खानखोज्यांच्या प्रयोगांशी थेट संबंध नाही. ते नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम, पुढच्या पिढीचं. पण त्या जानेवारीत, रब्बीच्या ऐन हंगामात, उत्तर भारतातल्या शेतांत मेक्सिकोचा तो गहू उभा होता.