नांगराची जोडी, पटाची जोडी

नागपूरच्या नैर्ऋत्येस, वेणा नदीच्या अंगाला हिंगणा वसले आहे. एके काळी हा नुसता खेड्यांचा मुलूख होता. आता हिंगणा म्हटले की लोकांना आधी आठवते ती औद्योगिक वसाहत. ह्याच वसाहतीत महिंद्रांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. तेथले लाल रंगाचे नवे कोरे ट्रॅक्टर लांबलचक ट्रकांवर चढून देशावर निघतात, तेव्हा वाटेवरचा शेतकरी अजूनही क्षणभर थबकतो आणि मान वळवून पाहतो. गंमत अशी की, ज्या मुलखात हे यंत्र आज घडते, त्याच मुलखाने पूर्वी बैलाची एक अशी जात पोसली होती की जी नांगरालाही चाले आणि वाऱ्यासारखी धावेही. शेतकऱ्याला वाहन नेहमी दोन कामांसाठी हवे असते. एक राबायला, दुसरे हौसेने बसून मिरवायला. ही दोन्ही कामे एकाच वाहनाने करावीत ही त्याची जुनी इच्छा. ती कितपत पुरी झाली, त्याची ही हकीकत आहे.

आधी वाट कशी होती ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे शेताला जाणाऱ्या वाटेला पांदण म्हणतात. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मधे चाकोरीचे दोन चर. उन्हाळ्यात घोटाभर धूळ, आणि पावसाळ्यात? काळी माती एकदा भिजली की पांदण राहत नाही, ती दलदल होते. पहिल्या पावसानंतर चाकाला चिकटलेला चिखल उलथण्याने खरवडून काढावा लागतो, हे ज्याने केले आहे त्याला अधिक सांगायला नको. आगगाडी नागपुरास आली ती १८६७ साली. त्याआधी वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेला. शेकडो मैलांची ती वाट, आणि तीही पावसाळ्यात बंद. म्हणजे ह्या मातीत कोणतेही वाहन टिकायचे तर त्याला दोन परीक्षा द्याव्या लागत. ओढ हवी आणि पाय हलका हवा.

गवळाऊ बैल ह्या दोन्ही परीक्षांना उतरला. वर्धा, नागपूर आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा त्याचा टापू. पांढरा रंग, लांबट चेहरा, शिंगे आखूड, अंगाने सडपातळ. मराठ्यांच्या फौजांना डोंगराळ मुलखातून सामान झपाट्याने हलवायचे असे, त्या गरजेतून ही जात निवडून निवडून घडली, असे जनावरांच्या जातींचे अभ्यासक मानतात. फौजा गेल्या, तरी बैलाची चाल राहिली. तोच बैल मृगात तिफणीला, मग डवऱ्याला, दिवाळीनंतर कापसाच्या बंडीला, आणि लग्नसराई आली की दमणीला. दमणीत बायकामुले बसायची आणि हलक्या रेंगीत घरचा तरणाबांड मुलगा. बंडी वेगळी, रेंगी वेगळी, पण जू एकच आणि मानाही त्याच. आपली वाहनाची सारी मालकी ह्या एका जोडीत मावत होती.

शंकरपट निघाला तो ह्यातूनच. सुगी आटोपली, बैल रिकामा झाला, की माळावर दोन समांतर चाकोऱ्या आखायच्या, हलके छकडे जुंपायचे आणि जोड्या सोडायच्या. धुरकऱ्याचे सारे कसब त्या काही सेकंदांत. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट नावाजलेला. भंडारा-गोंदियाकडे तर पट म्हणजे सासुरवाशिणींच्या माहेरपणाचा हंगाम. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचे नाटक. शर्यतीची जोडी जिंकली की तिची किंमत वाढे, तिचे खोंड दुरून मागवले जात आणि चांगल्या रक्ताची निवड आपोआप होत राही. पट ही नुसती करमणूक होती असे म्हणणाऱ्याने ही बाजू ध्यानात घेतलेली नाही, असे माझे मत आहे. अर्थात तुतारीच्या टोकाला लावलेली आर, शेपट्या पिरगाळणे, हेही तिथे होते. त्याची वकिली मी करणार नाही.

यंत्राने पहिला दावा केला तो जीपच्या रूपाने. महायुद्धात नाव कमावलेली विलिस कंपनीची ही गाडी १९४५ साली अमेरिकेत शेतकऱ्यांना विकायला काढली गेली. नांगर ओढील, मळणीयंत्र फिरवील आणि रविवारी कुटुंबाला घेऊन चर्चलाही जाईल, असा एकंदर तिचा डौल. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईत महिंद्र आणि महंमद ही कंपनी निघाली. भागीदार गुलाम महंमद पुढे फाळणीनंतर पाकिस्तानात अर्थमंत्री आणि मग गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र आणि महिंद्र असे पालटले, आणि सुटे भाग आणून जीप जोडण्याचे काम माझगावात सुरू झाले. पण आपल्या शेतकऱ्याच्या हाती ती क्वचितच पडली. १९५२ साली, योगायोगाने त्याच २ ऑक्टोबरला, समूह विकास योजना सुरू झाली आणि जीप झाली साहेबाचे वाहन. गावात जीप आली म्हणजे गटविकास अधिकारी आले, इतका तो अर्थ पक्का झाला. ओढीला तर ती ट्रॅक्टरची सर कधीच आली नाही. ट्रॅक्टरची मागली चाके प्रचंड, वजन त्यांच्यावर आणि चाल संथ. जीपची चारी चाके सारखी आणि जीव धावण्यात. एकाच यंत्रात दोन्ही गुण कोंबायला गेले की एक गुण लटका पडतो.

मग खरा ट्रॅक्टर आला. १९६३ साली महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी भागीदारी केली. त्यांचा बी-२७५ हा ट्रॅक्टर मुळात इंग्लंडातला, तो इथे बनू लागला. १९७७ साली ही भागीदारीतली कंपनी महिंद्रांत विलीन झाली. पुढे ऐंशीच्या दशकात मूळ अमेरिकन कंपनीला आपला शेतीयंत्रांचा धंदा विकून टाकावा लागला, आणि इकडचे रोपटे मात्र संख्येने जगात सर्वांत अधिक ट्रॅक्टर विकणारे झाड झाले. हिंगण्याचा कारखाना ह्याच झाडाची फांदी.

बैलजोडीने दिवसभरात नांगरून जेमतेम एकर होई, तेच ट्रॅक्टरने तासाभराचे काम झाले. त्या हिशोबापुढे कोण काय बोलणार? पण ह्या यंत्राने एक गोष्ट फोडली. राबणे ट्रॅक्टरकडे गेले, मिरवणे मोटारसायकलीकडे. ट्रॉलीत वऱ्हाड बसते, जत्रेलाही लोक जातात, पण ट्रॅक्टरची शर्यत पाहायला लेकीबाळी माहेरी येत नाहीत.

ह्या फुटलेल्या दोन गोष्टी पुन्हा सांधू पाहणारे एक वाहन आता आले आहे. त्याला ए.टी.व्ही. म्हणतात, म्हणजे कोणत्याही जमिनीवर चालणारे. घोड्यावर बसल्यासारखी मांड ठोकायची, हातात मोटारसायकलीचे दांडे आणि खाली फुगीर, कमी हवेची रबरी चाके. ह्याचा जन्म १९७० साली जपानच्या होंडा कंपनीत झाला. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा बर्फावर विकण्याजोगे काहीतरी द्या, असे अमेरिकेतल्या विक्रेत्यांचे म्हणणे होते, म्हणून हे तीनचाकी खेळणे निघाले. खेळता खेळता तिकडच्या शेतकऱ्याने ते चारा वाहायला आणि गुरे वळायला जुंपले. बैल शेतातून पटावर गेला, हे पटावरून शेतात आले! १९८२ साली सुझुकीने चारचाकी काढले. तीनचाकी फार उलटत, माणसे मरत, म्हणून १९८८ साली अमेरिकेत त्यांची नवी विक्री थांबली. आपल्याकडे ती गाडी डोंगरावरच्या विश्रामस्थानी पैसे देऊन फिरवून आणतात तीच. रस्त्यावर तिला सहसा परवानगी नसते. २०२०च्या सुमारास पोलारिस कंपनीने तिचे एक रूप आणले आणि कागदोपत्री त्याची नोंद कशी झाली म्हणाल? ट्रॅक्टर म्हणून.

एखादा संत्र्याचा बागाईतदार विचारील, घ्यावी काय? चिखलाच्या पांदणीत तिची फुगीर चाके ट्रॅक्टरपेक्षा हलकी पडतील, माती दाबली जाणार नाही, झाडांच्या ओळींतून फवारणीची टाकी ती सहज नेईल. पण नांगर, रोटाव्हेटर, भरली ट्रॉली ही कामे तिची नव्हेत. त्यासाठी ट्रॅक्टर लागणारच, मग दोन यंत्रांचे हप्ते आले. आपल्या आजोबांची कसोटी साधी होती. काम नसताना हे दारात किती खाते? बैल बसून कुटार आणि ढेप खातो, पण शेण देतो. ट्रॅक्टर बसून काही खात नाही, त्याच्या वतीने बँक खाते. ए.टी.व्ही.लाही तेच लागू, आणि वर तिला भाड्याने मागायला शेजारी येत नाही. ट्रॅक्टरवाल्याचा निम्मा हप्ता शेजाऱ्याच्या नांगरटीतून निघतो. तेव्हा ज्याच्यापाशी ट्रॅक्टर आहे आणि हौसेला पैसाही आहे, त्यानेच तिच्या वाटेला जावे.

आणि गवळाऊ? शेतात काम उरले नाही तेव्हा जोडी विकली गेली, गोठ्यात दुधाच्या संकरित गाई आल्या. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीच्या सरकारी केंद्रात ही जात जपण्याचा खटाटोप चालतो. त्यातच २०११ साली केंद्राच्या अधिसूचनेने बैलाचे नाव खेळास बंदी असलेल्या प्राण्यांत घातले आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. पट सुने पडले. पटाच्या जोडीला नांगराचेही काम नव्हते आणि पटही नव्हता. तिला पोसायचे कशासाठी? महाराष्ट्राने २०१७ साली कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटी घालून शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. तुतारीला आता पटावर मज्जाव आहे.

त्यानंतर हिवाळ्यात माळावर पुन्हा चाकोऱ्या आखल्या जाऊ लागल्या आहेत. मात्र पूर्वी जोडी गावाहून छकड्याला जुंपूनच पटाला येई, चार-सहा कोस चालून, वाटेत पाणी पीत. आता ती टेम्पोत उभी राहून येते. पायांखाली तणस अंथरलेली असते, फळकूट लावून तिला खाली उतरवतात आणि धावून झाले की पुन्हा वर चढवतात. घरी तिच्या वाट्याचे शेत तोवर ट्रॅक्टरने करून ठेवलेले असते.