टॉरिन-ट्रान्सअमिनेज : एका विकराच्या शोधाचा इतिहास

इ. स. १८२७ मध्ये फ्रीडरिख टीडमन व लिओपोल्ड मेलिन या जर्मन संशोधकांनी बैलाच्या पित्तातून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. बैलवाचक लॅटिन शब्दावरून पुढे त्यास 'टॉरिन' हे नाव मिळाले. या पदार्थात गंधक आहे, ही गोष्ट मात्र प्रारंभीच्या विश्लेषणात निसटली. ती १८४६ मध्ये रेडटेनबाखर यांनी दाखवून दिली. १८५४ मध्ये स्ट्रेकर यांनी आयसेथिओनिक आम्लाच्या अमोनियम क्षारापासून टॉरिन कृत्रिमरीत्या तयार केले. रचना कळली, परंतु त्याचे विघटन कसे होते हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर ज्या प्रक्रियेत होते, तिचा शोध टॉरिनवरील संशोधनातून लागलेला नाही. १९३७ मध्ये मॉस्को येथे अलेक्झांडर ब्राउनश्टाइन व मारिया क्रिट्समन यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूंवरील प्रयोगांतून अमिनो गट एका रेणूवरून दुसऱ्यावर थेट स्थानांतरित होतो, हे सिद्ध केले. (क्रिट्समन यांचे नाव पुष्कळ पाठ्यपुस्तकांत गाळले जाते, हे न्याय्य नव्हे.) या विकरांना ब-६ जीवनसत्त्वापासून बनणारा सहविकर लागतो, हे १९४० च्या दशकात स्पष्ट झाले.

सस्तन प्राणी टॉरिनचे फारसे विघटन करीत नाहीत. ते मूत्रावाटे बाहेर पडते अथवा पित्तक्षारांत बांधले जाते. म्हणूनच टॉरिनचा अमिनो गट हलविणारे विकर जिवाणूंत सापडणे स्वाभाविक होते. १९७२ मध्ये जपानच्या तोयामा व सोडा यांनी जिवाणूंच्या अर्कांत असे विकर असल्याचे नोंदविले. त्यात अमिनो गट कीटोग्लुटारिक आम्लाकडे जातो. २००० मध्ये लाउए व कुक यांनी 'बायलोफिला वड्सवर्थिया' या जिवाणूतील दुसरे विकर वर्णिले. येथे ग्राहक पायरुव्हेट असतो. त्याचे अ‍ॅलनिन होते व टॉरिनचे सल्फोअ‍ॅसिटाल्डिहाइड. हा जिवाणू १९८९ मध्ये आंत्रपुच्छदाहाच्या रुग्णांतून प्रथम वर्णिला गेला होता, हे येथे महत्त्वाचे. विकर केवळ मातीतल्या जिवाणूंची मिरासदारी नाही, मानवी आतड्यातही ते कार्य करते.

पुढची पायरी मात्र चुकीची गृहीत धरली गेली होती. सल्फोअ‍ॅसिटाल्डिहाइड थेट फुटून सल्फाइट मिळते, असे मानले जाई. २०१९ मध्ये दिसून आले की बायलोफिला प्रथम त्याचे आयसेथिओनेट करतो आणि मगच कार्बन-गंधक बंध तोडून सल्फाइट मोकळे करतो. त्याचेच हायड्रोजन सल्फाइड होते. ज्या द्रव्यापासून स्ट्रेकर यांनी टॉरिन घडविले, तेच द्रव्य आतड्यातील या विघटनमार्गावर आढळले.