हळद लागण्याआधी

माझ्या भाचीनं लग्नाच्या सहा आठवडे आधी चेहऱ्यावरच्या मुरमांच्या खड्ड्यांवर लेसर करून घेतलं. कुपवाडला घरी आली तेव्हा चेहरा लालबुंद, सुजलेला. अम्मी तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि हळदीचा डबा घेऊन आल्या.

"नानी, डॉक्टरांनी नुसतं व्हॅसलीन सांगितलंय," भाची म्हणाली.

"तुझ्या डॉक्टरांच्या आधीपासून हळद आहे!"

पंच म्हणून दोघींनी मला बसवलं. कवीला अशा वेळी पुस्तकंच चाळावी लागतात.

अम्मींचं म्हणणं पोकळ नव्हतं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं जुने संस्कृत ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द करवलं. आजीबाईच्या बटव्याचाच तो विजय.

पण लेसरही परका नव्हता, मंडळी! कार्बन डायऑक्साइडचा लेसर शोधला कुमार पटेल यांनी, १९६४ साली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याचं. त्या लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी तो चटकन शोषून घेतं. कातडीत पाणी भरपूर, म्हणून वरचा थर क्षणात वाफ होऊन उडतो. आधी सगळा चेहराच असा सोलला जाई आणि माणूस कित्येक दिवस घरात कोंडलेला राही. २००४ साली हार्वर्डच्या डॉक्टरांनी सगळी कातडी न जाळता फक्त बारीक बारीक ठिपके पाडण्याची युक्ती मांडली. पुढे ती या लेसरलाही जोडली गेली. ठिपक्यांभोवतीची शाबूत कातडी आत सरकते आणि भोक बुजवते. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं पडकं घर सावरावं, तसं.

या सरकणाऱ्या पेशींना ओल लागते. जॉर्ज विंटर या संशोधकानं १९६२ साली दाखवलं, की उघडी ठेवून खपली धरू दिलेल्या जखमेपेक्षा झाकून ओलसर ठेवलेली जखम जवळपास दुप्पट वेगानं नव्या कातडीनं झाकली जाते. प्रयोग डुकरांवर होता. अम्मींना मी एवढंच सांगितलं नाही. व्हॅसलीन हे झाकणाचंच काम करतं. डब्यातली हळद मात्र पूड. ती ओल्या जखमेत रुतते, झोंबते, आणि तिच्यात आणखी काय मिसळलंय ते कोण सांगणार?

निकाल भाचीच्या बाजूनं लागला. साध्या पाण्यानं अलगद धुणं, दिवसातून चार-पाचदा व्हॅसलीनचा पातळ थर, खपली न खरवडणं. आठवड्यात चेहरा निवळला.

मग तिनंच घोटाळा केला. तिसऱ्या आठवड्यात ऐन दुपारी, तोंड न झाकता, सनस्क्रीन न लावता एमआयडीसीच्या रस्त्यानं स्कूटरवरून पत्रिका वाटत फिरली. आपली सावळी कातडी दुखावली की जास्त रंग तयार करते, आणि ऊन तिला चिथावणी देतं. चार दिवसांत दोन्ही गालांवर काळपट डाग उमटले. हे डाग सावकाश, महिन्यांच्या हिशेबानंच जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या रात्री ती रडली. अम्मी उशाशी बसून राहिल्या. हळदीचं नाव काढलं नाही.

हळदीच्या दिवशी अम्मींनी सांगलीची हळद आपल्या हातानं कालवली. बायका पुढे आल्या, तशा त्याच गरजल्या, "तोंडाला कुणी हात लावायचा नाही!" मग नातीचे तळवे, मनगटं आणि पावलं त्यांनी एकटीनं माखली.