सुट्टीचं तिकीट आणि नाक्यावरचा कागद

आपल्या सीमाभागात सुट्टी म्हटलं की आधी दोन गोष्टी आठवतात, माहेर आणि यात्रा. निपाणीची लेक कागलला दिलेली असते, चंदगडची सून बेळगावात नांदत असते. पोरांच्या परीक्षा संपल्या की बायका पिशव्या भरायला घेतात. घरातली चार माणसं एका मताची झाली की श्रवणबेळगोळ किंवा कुंथलगिरी ठरतं, आणि पैसा साठला की सम्मेद शिखरजी. शिखरजीला जायचं तर पारसनाथ स्टेशनपर्यंत लांबचा रेल्वेप्रवास. त्यामुळे तिकिटं चार-चार महिने आधी काढायची आपल्याकडे रीतच पडली होती. थंड हवेची ठिकाणं, गोव्याची सहल आणि विमानानं केरळ हे सगळं अलीकडचं. पण गाव कुठलंही असो, आधी तारीख धरायची, मग पैसे भरायचे, मग दिवस मोजत बसायचं, हा क्रम काही बदलत नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हा क्रमच मोडला. तारीख होती, पैसे भरलेले होते, पण वाट उघडी असेल की बंद हे कुणीच सांगू शकत नव्हतं. साथीत रस्ता बंद करावा लागतो, हे मान्य. पण रस्ता बंद झाल्यावर आधीच काढलेल्या तिकिटाचं ओझं कुणी उचलायचं? या प्रश्नाचा इतिहास बघितला तर आपल्या हाती बरंच काही लागतं.

साथीसाठी वाट अडवणं ही फार जुनी गोष्ट आहे. एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुझा, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिक शहरानं १३७७ मध्ये प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचा नियम केला. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि चाळीस या इटालियन शब्दावरून क्वारंटाईन हा शब्द आला. नियम कडक होता, पण त्यात दिवसांचा आकडा होता. एकतिसाव्या नाहीतर एकेचाळिसाव्या दिवशी आपण आत जाणार, हे बाहेर बसलेल्या माणसाला ठाऊक असायचं.

आपल्याकडे ही गोष्ट रेल्वेबरोबर आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहरातली जवळजवळ निम्मी माणसं गावाकडे निघून गेली. सुट्टीची ही गर्दी नव्हती, जीव वाचवायची होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि प्रवाशांना थांबवायचा, तपासायचा, वेगळं ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. स्टेशनांवर गाड्या थांबवून उतारूंची तपासणी सुरू झाली. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना फलाटावर रांगेत उभं करायचे. पहिल्या वर्गाच्या साहेबांना तेवढा जाच नव्हता. बायकांना परक्या पुरुष डॉक्टरांनी तपासायचं यावरून तर इतका संताप उसळला की सरकारला स्त्री डॉक्टर नेमावे लागले. त्या काळातल्या किती बायकांनी केवळ या तपासणीच्या भीतीनं माहेर टाळलं असेल, याची नोंद कुठल्याही सरकारी कागदात सापडायची नाही.

यात्रेवर तर सरळ घाला आला. १८९७ मध्ये व्हेनिसला युरोपातल्या सरकारांची आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थानातून प्लेग आपल्याकडे येईल, ही त्यांची धास्ती होती. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची जहाजं बंद झाली. आयुष्यभर पै-पै साठवलेला माणूस बंदरावरच अडला. व्यापार थांबवणं सरकारला परवडणारं नव्हतं, यात्रेकरूला थांबवणं मात्र परवडत होतं. कुणाचा प्रवास गरजेचा आणि कुणाचा हौसेचा, हे ठरवणारा माणूस बहुधा स्वतः घरी बसलेला नसतो, एवढं यातून लक्षात ठेवावं.

मद्रास इलाख्यात आणखी एक युक्ती निघाली, प्लेग पासपोर्टची. साथीच्या गावाहून आलेल्या उतारूला एक कागद द्यायचे. तो घेऊन त्यानं मुक्कामाच्या गावी दहा दिवस रोज हजेरी लावायची. जाच होताच, पण त्यातही आकडा होता. दहा दिवस झाले की माणूस मोकळा.

प्लेग मुंबईत थांबला नाही. रेल्वेच्या रुळांवरून तो पुणे, बेळगाव, हुबळी असा दक्षिणेकडे सरकला आणि १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला पोहोचला. त्यानंतर वीस वर्षांनी इन्फ्लुएन्झा आला. आपल्या आज्या-पणज्या त्याला मानमोडी म्हणायच्या. १९१८ च्या उन्हाळ्यात तो मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेनंच देशभर गेला. हिंदुस्थानात सव्वा कोट ते दोन कोट माणसं त्यात गेली असावीत, असे अंदाज आहेत. पण प्लेगसारखी वाट अडवणं त्या वेळी फारसं झालं नाही. महायुद्ध चालू होतं, गाड्या चालू होत्या. म्हणजे बंदी घातली तर माणूस अडतो आणि नाही घातली तर रोग मोकळा सुटतो, या दोन्ही टोकांचा अनुभव आपल्या देशानं वीस वर्षांत घेतला होता.

त्या काळी एक गोष्ट मात्र नव्हती. तिकीट ज्या दिवशी जायचं त्या दिवशी खिडकीवर काढायचं. गाडी बंद असेल तर तिकीट मिळायचं नाही; पैसे कनवटीलाच राहायचे. आगाऊ आरक्षण घरोघरी पोहोचलं आणि सुट्टी म्हणजे चार महिन्यांनंतरच्या दिवसाचा सौदा झाला. त्यामुळे २०२० ची साथ आपल्याला वेगळ्या रीतीनं लागली.

काय झालं ते आठवून बघा. २२ मार्च २०२० ला रेल्वेनं प्रवासी गाड्या ३१ मार्चपर्यंत बंद केल्या. मग देशभर टाळेबंदी आली आणि तारीख १४ एप्रिल झाली. या काळात १५ एप्रिलनंतरच्या गाड्यांचं आरक्षण चालूच होतं. लोकांनी सरळ हिशेब केला: रेल्वे तिकीट देते आहे म्हणजे गाडी सुटणार. १४ एप्रिलला टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली आणि त्या मधल्या दिवसांची सुमारे ३९ लाख तिकिटं रद्द झाली. पुढे ३० जूनपर्यंतची रद्द झाली, मग १२ ऑगस्टपर्यंतच्या नेहमीच्या गाड्याही. रेल्वेनं पैसे पूर्ण परत दिले, हे मान्य करायलाच हवं. घरबसल्या काढलेल्या तिकिटांचे पैसे आपोआप खात्यात आले आणि खिडकीवर काढलेल्यांसाठी मुदत वाढवत वाढवत नऊ महिन्यांपर्यंत नेली. पण लोकांना लागलं ते दुसरंच. जी गोष्ट होणार की नाही हे विकणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं, ती नेहमीसारखीच विकली जात होती.

विमानाची गत आणखी निराळी. उड्डाणं २५ मे २०२० ला पुन्हा सुरू झाली, पण त्याआधी रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे बऱ्याच कंपन्यांनी परत न देता जमा दाखवले. तुमचे पैसे आमच्याकडे आहेत, पुढे कधीतरी प्रवास करा, असा तो प्रकार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ ऑक्टोबर २०२० ला निकाल आला. टाळेबंदीतच टाळेबंदीच्या दिवसांसाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे लगेच परत करायचे. बाकीच्यांचे पंधरा दिवसांत. कंपनी खरंच अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत चालणारी जमा रक्कम द्यायची. ती वापरायला उशीर झाला तर दरमहा आधी अर्धा आणि नंतर पाऊण टक्का वाढ द्यायची. आकडा छोटा आहे, पण त्यामागचं तत्त्व मोठं आहे. ग्राहकाचा पैसा दुसऱ्याकडे अडकून पडला तर त्या वेळेची किंमत असते, हे न्यायालयानं मान्य केलं.

गल्लीतल्या यात्रा कंपन्यांना हे तत्त्व कोण सांगणार? त्यांनी आगाऊ रक्कम धर्मशाळेला, बसवाल्याला, आचाऱ्याला देऊन टाकलेली. बसवाल्यानं ती कर्जाच्या हप्त्यात घातलेली. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत आजीच्या शिखरजीचे पैसे असे साखळीत कुठंतरी अडकले. साखळीतला प्रत्येक माणूस खरंच बोलत होता आणि तरीही पैसे कुणाकडेच नव्हते.

आता आपल्या दाराशी येऊ. मे २०२० मध्ये कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना काही काळ प्रवेशच बंद केला. ऑगस्टमध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की राज्याराज्यांतली वाट अडवू नका. महाराष्ट्रातला ई-पास सप्टेंबरच्या सुरुवातीला गेला. वाटलं, सुटलो. पण २०२१ च्या फेब्रुवारीत कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह कागद मागायला सुरुवात केली. जुलैअखेर नियम आला की लशीचे दोन्ही डोस झाले असले तरी ७२ तासांच्या आतला कागद हवाच. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या अडू लागल्या, इकडे शिनोळी-बाची रस्त्यावरही तीच कथा. गोव्याला जाणाऱ्यांसाठी तिथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं १० मे २०२१ पासून निगेटिव्ह कागद सक्तीचा केला.

मुंबईहून विमानानं येणाऱ्या माणसासाठी हा कागद म्हणजे सहलीच्या खर्चातली आणखी एक रक्कम. पण कागलहून निपाणीला आईला बघायला निघालेल्या लेकीचं काय? स्वॅब द्यायचा, अहवालाची वाट बघायची, तो हातात येईपर्यंत ७२ तासांतले निम्मे गेलेले, आणि एवढं करून माहेरी राहायचं दोन रात्री. एकाच नियमाचं ओझं दोघांवर सारखं पडत नाही. राज्याची हद्द नकाशावर आखली गेली तेव्हा आमची लग्नं आधीच दोन्हीकडे जमलेली होती. आमच्याकडे कितीतरी बायकांनी त्या वर्षी माहेरचं नाव काढायचंच सोडलं.

हे केवळ आपल्याकडेच झालं असं समजू नका. इंग्लंडनं १७ मे २०२१ पासून देशांच्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल याद्या केल्या. पोर्तुगाल हिरव्या यादीत म्हणून लोकांनी भराभर सुट्ट्या आरक्षित केल्या. ३ जूनला जाहीर झालं की ८ जूनपासून तो पिवळ्यात. मुदतीच्या आत घरी पोहोचायला सुट्टीवर गेलेल्यांची झुंबड उडाली, मिळेल त्या भावानं तिकिटं घेतली. आपला देश २३ एप्रिलपासून लाल यादीत होता, तो ८ ऑगस्टला पिवळ्यात आला. तिकडे राहणाऱ्या मराठी पोरांच्या दोन सुट्ट्या अशाच गेल्या. पुढे आणखी गंमत झाली. पुण्यात तयार झालेली कोविशील्ड लस घेतलेल्या माणसाचं भारतीय प्रमाणपत्र इंग्लंडला चालेना. भारतानं ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवसांचं विलगीकरण लावलं, तेव्हा कुठं ११ ऑक्टोबरपासून तिकडून नियम सैल झाला. लस चालत होती, पण कागद चालत नव्हता.

या सगळ्यातून मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. बंधन वेगळं आणि अनिश्चितता वेगळी. आपले साधू चातुर्मासात विहार करत नाहीत. चार महिने एका जागी राहणं हे बंधनच, आणि तेही जीवदयेसाठी घातलेलं. पण ते कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. श्रावक त्याप्रमाणे तयारी करतात आणि कुणाला ते जाचक वाटत नाही. रागुझाच्या तीस दिवसांत आणि मद्रासच्या दहा दिवसांत हाच गुण होता. २०२० मध्ये रोगच नवा होता, सगळं आधी सांगणं कुणालाच शक्य नव्हतं, हे खरं. पण एवढं तर सांगता आलं असतं: निर्णय अमुक तारखेला होईल, तोवर विक्री बंद राहील, नियम बदलला तर निदान इतके दिवस आधी कळवू, आणि तिकीट आमच्यामुळे रद्द झालं तर पैसे रोख मिळतील. यातलं काहीच रोगाच्या हातात नव्हतं, ते माणसांच्या हातात होतं.

पुन्हा कधी साथ येईल तेव्हा नाके लागतील. लागायलाही हवेत. पण नाका आखणाऱ्यानं आधी तिथं रोज कोण ये-जा करतं हे विचारावं, आणि माहेरी निघालेल्या बाईला सहलीच्या गाडीतल्या प्रवाशाच्या रांगेत उभं करू नये. आणि आपण? आगाऊ पैसे भरताना पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचावा, रद्द झालं तर काय हे आधीच तोंडानं विचारावं, आणि उत्तर कागदावर घ्यावं. आपल्या आज्या तिकीट काढताना पदराची गाठ सोडायच्या, तीही जपून.